वाद्य ऐकले, हात कोणी पाहिले?

आपल्याकडे संगीतावर लिहिणारे पुष्कळ झाले. रागांवर ग्रंथ निघाले, घराण्यांचे इतिहास झाले, पंडित-उस्तादांची चरित्रे निघाली. परंतु ज्या वाद्यावर हे सारे उभे आहे ते वाद्य कोणी केले? त्याचे कातडे कोणी सोलले, कोणी कमावले, कोणी ताणून बसवले? त्या माणसाला गावात कोठे बसवले जात होते? हे प्रश्न विचारणारे फार थोडे. वाद्य काचेच्या कपाटात ठेवले जाते, त्याखाली नावाची पट्टी लावली जाते. पट्टीवर वाद्याचे नाव असते, कधी ज्या संस्थानिकाकडून ते मिळाले त्याचेही असते. करणाऱ्याचे नाव क्वचितच असते. ही केवळ विसराळूपणाची गोष्ट आहे असे आम्हाला वाटत नाही. या देशात हाताने काम करणाऱ्याचे नाव न लिहिण्याची जी जुनी शिस्त आहे, तिचाच हा एक भाग आहे.

हा प्रश्न आम्ही जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरता मांडणार आहोत. कारण खान्देशात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एकीकडे तापीकाठच्या गावांतले डफडे, ढोलकी, संबळ आणि ते वाजवणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या जाती. दुसरीकडे सातपुड्याच्या आणि साक्रीकडच्या डोंगरांतले ढोल, पावरी, थाळी आणि ती वाजवणारे आदिवासी. कातडे तेच, लाकूड तेच, हातही कष्टाचेच. तरी एका वाद्याच्या वाट्याला अपमान आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला पाड्याचा मान. असे का झाले, याचे उत्तर सुरात सापडणार नाही. ते समाजरचनेत शोधावे लागेल.

ऋषीचे नाव राहिले, सोलणाऱ्याचे गेले

प्रथम शास्त्राकडे पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारांची ती तत, फुंकून वाजवायची ती सुषिर, कातड्याने मढवलेली ती अवनद्ध आणि ठोकून वाजणारी ती घन. १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि सॅक्स या दोन युरोपीय अभ्यासकांनी जगभरच्या वाद्यांची जी वर्गवारी केली तीही जवळपास याच चार खणांची होती. दोन्ही ठिकाणी वाद्याला खण मिळाला. वाद्य करणाऱ्याला कोणत्याच खणात जागा मिळाली नाही.

नाट्यशास्त्रात कातड्याच्या वाद्याच्या जन्माची एक कथा आहे. स्वाती नावाचा ऋषी तळ्यावर पाणी आणायला गेला. पाऊस सुरू झाला. कमळाच्या लहानमोठ्या पानांवर थेंब पडून वेगवेगळे नाद निघू लागले. ते ऐकून ऋषीला पुष्कर वाद्य सुचले आणि विश्वकर्म्याच्या मदतीने त्याने ते घडवले. कथा सुंदर आहे, यात शंका नाही. पण वाचकहो, जरा विचार करा. पानावर पाऊस पडला, ऋषीने ऐकले, देवाच्या सुताराने लाकूड कोरले. मग कातडे कोठून आले? जनावर कोणी ओढले, कोणी सोलले, चुन्यात कोणी भिजवले, केस कोणी खरवडले? कथा सांगणाऱ्याला हे माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्याला ते सांगायचे नव्हते. वाद्य पवित्र ठेवायचे तर त्याच्या जन्मातून कातडे सोलणारा माणूस वगळणे भाग होते.

हीच गोष्ट विज्ञानाच्या बाजूने पाहा. साधे गोल कातडे ताणून वाजवले तर त्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलातून ठोका निघतो, स्वर ठरत नाही. तबल्यावर किंवा मृदंगावर मधोमध जो काळा लेप असतो, त्या वजनामुळे हे उपस्वर जुळून येतात आणि कातडे गाऊ लागते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात हे मांडले. रामन यांची थोरवी आम्हाला मान्यच आहे. परंतु त्यांनी ज्याचे कारण शोधले, ती युक्ती त्यांच्या आधी कित्येक पिढ्या कोणाच्या तरी हातांनी शोधून ठेवली होती. लेप किती जाड, कोठे पातळ करायचा, किती घासायचा, हे ज्यांनी कान लावून ठरवले त्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती. प्रयोग करणे, चूक ओळखणे, पुन्हा करणे आणि जे जमले ते पुढच्या पिढीला देणे यालाच विज्ञान म्हणतात. मग या लोकांना शास्त्रज्ञ म्हणायला हरकत कसली?

एका डफड्यात किती जाती

खान्देशातल्या गावात डफडे कसे तयार होते ते पाहू. साधारण फूट-सव्वा फुटाचे लाकडी कडे, अलीकडे बहुधा लोखंडी. त्यावर बकऱ्याचे कातडे. ताजे कातडे भिजवायचे, केस काढायचे, आतली चरबी खरवडायची, ओले असतानाच कड्यावर ताणून बसवायचे आणि सावलीत वाळू द्यायचे. उन्हात घाई केली तर ते तडकते. वाजवण्याआधी जाळावर शेकायचे. कातडे हवेतला ओलावा शोषते आणि सैल पडते. शेकले की ओलावा जातो, ताण वाढतो, आवाज चढतो. म्हणून पावसाळ्यात वाजवणाऱ्याला घडीघडी जाळ शोधावा लागतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. एवढ्या साध्या सामानातून जे बोल निघतात, ते शिकायला वर्षे जातात.

आता या डफड्यामागची माणसे मोजा. मेलेले जनावर गावाबाहेर ओढणारा महार. मोठे कातडे कमावणारा ढोर. चामड्याच्या वस्तू शिवणारा चर्मकार. वादी, दोर वळणारा आणि वाद्य वाजवणारा मातंग. गावोगावी ही वाटणी थोडी इकडेतिकडे असे, पण तत्त्व तेच. जात म्हणजे कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात दाखवून दिले. त्याचा पुरावा पाहायचा असेल तर डफडे उचलून पाहावे. एक वाद्य तयार व्हायला तीन-चार जातींचे हात लागत आणि त्या हातांना एकमेकांच्या हातचे पाणी चालत नसे. ज्यांनी एका पंगतीला बसायला हवे होते त्यांना एकाच्या खाली एक बसवले गेले. ही उतरंड एकदा रचून दिली की वरच्याला खाली लक्ष ठेवावे लागत नाही. खालचेच एकमेकांवर ठेवतात.

आणि ढोंग तरी केवढे! पोळ्याला बैलाची पूजा होते, शिंगे रंगतात, पुढे डफडे वाजते. ते वाजवणारा मात्र वेशीजवळच थांबावा. कानबाईची मिरवणूक श्रावणात वाजतगाजत निघते, लग्नाची वरात वाजतगाजत निघते. वाजवणाऱ्याची पंगत शेवटी आणि वेगळी. देवळात कीर्तनाला पखवाज लागतो, त्याला कातडे लागते. मेलेल्या जनावराचे कातडे गाभाऱ्याजवळ गेले तर देव बाटत नाही. ते कमावणारा जिवंत माणूस पायरीवर चढला की बाटतो. विटाळ कातड्याला नव्हता, माणसाला होता. म्हणजेच तो स्वच्छतेचा प्रश्न कधीच नव्हता. तो गुलामी टिकवण्याचा प्रश्न होता.

नकार हीच पहिली विद्या

म्हणून चळवळीने या कामांना नकार दिला, आणि तो शंभर टक्के योग्य होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, मेलेली जनावरे ओढणे सोडा, स्वाभिमानाने जगा असा उपदेश केला. हा नकार गावोगाव गेला. ढोर ओढणे थांबले, त्याबरोबर दवंडी, सांगावा, सणासुदीचे वाजवणेही अनेक ठिकाणी थांबले. त्याची किंमतही मोजावी लागली. बलुते बंद, मजुरी बंद, पाणी बंद, गावाचा बहिष्कार.

खान्देश या इतिहासाच्या मधोमध उभा आहे. १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून या भागात आले होते. धुळ्याहून परतताना अस्पृश्यांवरील बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. तिथे टांगेवाल्याने महाराला टांग्यात बसवून हाकायला नकार दिला. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे हे वस्तीतल्या लोकांना मानवेना. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला वस्तीतलाच माणूस बसला. त्याने आजवर टांगा हाकलेला नव्हता. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाला गंभीर दुखापत झाली. त्यांनी स्वतः ही हकिकत लिहून ठेवली आहे.

ही घटना आम्ही येथे मुद्दाम आठवतो. लोक तिच्यात फक्त अपमान पाहतात. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जातीने केवळ पाणी आणि देऊळ बंद केले नव्हते, तिने हातांची कसबेसुद्धा बंद केली होती. टांगा कोणी हाकायचा, डफडे कोणी वाजवायचे, हे जन्माने ठरलेले. जे काम शिकायचे आहे ते शिकू द्यायचे नाही आणि जे नको आहे ते सोडू द्यायचे नाही. कौशल्यावरची बंदी आणि कौशल्याची सक्ती या एकाच बेडीच्या दोन कड्या आहेत.

पुढे ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे मेळा भरतो, भीमगीते होतात. १९५६ साली धम्मदीक्षा झाली. १९५८ च्या कायद्याने महार वतन आणि त्याबरोबरची हलकी मानलेली गावकामे कायद्याने संपली. पण एक ध्यानात घ्या. चळवळीने वेठीचे वाजवणे सोडले, वाद्य सोडले नाही. सत्यशोधक जलशांनंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले, भीमराव कर्डकांसारख्यांनी ते गावोगाव नेले. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांची गाणी ज्या ढोलकीवर खान्देशातल्या वस्त्यांतून घुमली, ती ढोलकी पाटलाच्या दारात वाजत नव्हती. ती आपल्या माणसांसाठी, आपल्या माणसाने, आपल्या इच्छेने वाजवली होती. वाद्य तेच, मालक बदलला, म्हणून अर्थ बदलला.

मात्र एक काम अपुरे आहे हेही सांगितले पाहिजे. बौद्धांनी वाजवणे सोडल्यावर अनेक गावांत ते ओझे सरकून मातंग समाजाच्या खांद्यावर गेले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, शहरात जायला वाट नव्हती, त्यांच्याकडे तेच एक पोटाचे साधन उरले. त्यांनी अजून डफडे धरले आहे म्हणून त्यांना हिणवणे म्हणजे व्यवस्थेचेच काम आपण करणे. अण्णाभाऊ साठे याच समाजात जन्मले आणि त्यांनी डफाला कामगारांच्या लढ्याचा आवाज दिला. हे विसरून कसे चालेल?

डोंगरातले वेगळे उत्तर

आता सातपुड्याकडे वळू. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात पावरा, बारेला, भिल्ल बांधव राहतात. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात. पाड्यापाड्यावरून मोठमोठे ढोल खांद्याला अडकवून लोक येतात आणि ढोलाभोवती सगळा पाडा नाचतो. वाजवणारा बाजूला उभा नसतो, तो नाचाच्या मध्यभागी असतो. ढोल पाड्याचा असतो, सणही पाड्याचा असतो.

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडे कोकणा आणि भिल्ल वस्तीत पावरी वाजते. दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि पुढे शिंगासारखा कर्णा, अशी तिची रचना. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती रात्र रात्र वाजते. येथे वाजवणारा बहुधा करणाराही असतो. चांगल्या आकाराचा भोपळा हवा तर त्याचे बी राखावे लागते, वेल नीट चढवावा लागतो, फळ पुरते वाळू द्यावे लागते. म्हणजे वाद्याची सुरुवात शेतातच होते. याच पट्ट्यात, नाशिक आणि डांगच्या डोंगरांपर्यंत, थाळगान आहे. काशाच्या थाळीवर मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवतात आणि ती काडी ओल्या बोटांनी वरून खाली ओढतात. थाळी घुमू लागते, एकसारखा नाद चालू राहतो आणि त्या नादावर कथा सांगितली जाते. जेवायची थाळी, मधमाशीचे मेण आणि एक काडी! याहून कमी सामानात याहून मोठा नाद काढून दाखवणारा कोणी असेल तर त्याने पुढे यावे.

या दोन चित्रांत फरक कशाचा आहे? आदिवासी माणूस स्वतःच्या समाजासाठी वाजवतो. गावगाड्यातला दलित दुसऱ्याच्या सणासाठी, दुसऱ्याच्या हुकमाने वाजवत होता. आदिवासी थकला की थांबतो. डफडेवाल्याला थांबायचा हक्क नव्हता. म्हणून एखाद्या वाद्याचा अभ्यास करताना पहिला प्रश्न त्याचा आकार किंवा स्वर हा नसावा. ते कोणासाठी वाजते, ते कोणाच्या मालकीचे आहे, आणि नाही म्हणायचा अधिकार कोणाला आहे, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

जगात हेच घडले

हा प्रश्न खान्देशाचाच नाही. अमेरिकेत १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात आफ्रिकी गुलामांनी बंड केले, ढोल वाजवत माणसे गोळा केली. दुसऱ्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांच्या ढोलावर बंदी घातली. त्रिनिदादमध्ये एकोणिसाव्या शतकात काळ्यांच्या ढोलांवर निर्बंध आले, तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३० नंतरच्या काळात पत्र्याचे डबे, मग तेलाची पिंपे ठोकून ठोकून त्यातून सूर काढले. तेच स्टीलपॅन १९९२ साली त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य झाले. तिकडे मालकाला ढोलाची भीती वाटली म्हणून त्याने तो हिसकावला. इकडे मालकाला ढोल हवा होता, म्हणून त्याने वाजवणाऱ्यालाच बांधून ठेवले.

आपल्या देशात तामिळनाडूकडे पाहा. पराई हे तिथले डफासारखे वाद्य. त्यावरून परैयर हे जातीचे नाव आले आणि इंग्रजीत बहिष्कृत माणसाला जो शब्द वापरतात तोही त्यावरूनच गेला. एका वाद्याचे नाव जगभर अस्पृश्यतेचा पर्याय झाले! तिथेही मृत्यूच्या वेळी वाजवायला दलितांनी नकार दिला. आणि तिथेच पुढच्या पिढीने तेच वाद्य हातात घेऊन त्याला मुक्तीचे वाद्य केले. मुली पराई शिकू लागल्या, सभा-मोर्चे पराईने सुरू होऊ लागले. २०२५ साली पराईवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली.

कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग करणाऱ्यांवर 'सेबास्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. मृदंगाला गाय, म्हैस, बकरी यांची कातडी लागतात आणि ती निवडणारे, कमावणारे कारागीर बहुतांशी दलित ख्रिस्ती आहेत, हे त्यांनी नावागावासह लिहिले. त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने आधी दिलेली जागा नंतर नाकारली. मृदंग चालतो, मृदंगाची हकिकत चालत नाही. स्वाती ऋषीच्या कथेत जी माणसे वगळली होती ती पुस्तकात परत आली, एवढाच त्या पुस्तकाचा गुन्हा होता.

कारागिरापुढे आज काय आहे

आता आजची स्थिती. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. म्हैस आणि बकरी त्यात येत नाहीत, नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचे कातडे काढणे हाही गुन्हा नाही. परंतु रस्त्यावर गाडी अडवणारा जमाव कायद्याचे पुस्तक उघडून पाहत नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना जाहीर मारहाण झाली, ते सर्वांनी पाहिले. जे काम शतकानुशतके बळजबरीने करून घेतले त्याच कामासाठी आता मार. सोडले तर बहिष्कार, केले तर चाबूक. अशा स्थितीत कातड्याचा व्यापार आक्रसतो आणि त्याची झळ सर्वांत शेवटच्या माणसाला, म्हणजे वाद्य मढवणाऱ्याला लागते.

दिमडीला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या बदल्यात कोणते कातडे वापरावे, आवाज कसा राखावा, याचा प्रयोग करायला कोणती प्रयोगशाळा पुढे आली? तो प्रयोगही कारागिरानेच घरी केला. आता फायबरचे पान आले आहे. ते पावसात सैल पडत नाही, शेकावे लागत नाही, स्वस्त पडते. वाजवणाऱ्याने ते घेतले तर त्याला दोष देता येणार नाही. आणि वरात, मिरवणूक, जयंती सगळीकडे डीजे आला, तेव्हा फायबरवाल्याचेही काम गेले.

डोंगरात प्रश्न वेगळा आहे. ढोलाला लाकूड हवे, पावरीला बांबू आणि मेण हवे, म्हणजे जंगल हवे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, मध, मेण या गौण वनोपजांवर आदिवासींचा हक्क मान्य केला. हा हक्क ज्या गावाला खरोखर मिळाला तिथे पावरीचा बांबू उजळ माथ्याने आणता येतो. जिथे दावा फायलीत पडला तिथे तोच बांबू चोरीचा ठरतो. पावरी वाचवायची असेल तर महोत्सव भरवण्याआधी वनहक्काचा दावा मंजूर करा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकारी योजनांकडे पाहिले तर तीच जुनी शिस्त दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा व्यवसाय धरले. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, चांभार आहे, खेळणी करणारा आहे, फुलांचे हार करणारा आहे. त्या अठरांत वाद्य करणारा नाही. ज्या विश्वकर्म्याने कथेत ऋषीला वाद्य करून दिले त्याच्याच नावाच्या योजनेत वाद्य करणाऱ्याला जागा नसावी! दुसरीकडे मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेतले ते कारागीर शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार मुस्लिम घराण्यांतले. त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या हातांना मान मिळाला याचा आम्हाला आनंद आहे. पण सतारीला जे मिळते ते साक्रीच्या पावरीला, खान्देशच्या डफड्याला का मिळू नये, हा प्रश्न खान्देशातूनच उठला पाहिजे.

अभ्यास आपणच करायचा

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. दफ्तरे, पोथ्या, जुने कागद तिथे जपले गेले. हे काम मोठे आहे. पण ज्यांना लिहू दिले नाही त्यांचे कागद कोठून असणार? त्यांचे दफ्तर म्हणजे त्यांचे हात आणि त्यांची वाद्ये. म्हातारा कारागीर गेला की एक दफ्तर जळाले असे समजा. याच धुळ्यातल्या कॉ. शरद पाटलांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना जोडून घेत अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र मांडले. साहित्याचे झाले. अब्राह्मणी संगीताचे सौंदर्यशास्त्र अजून लिहायचे आहे, आणि ते लिहिण्याची सामग्री जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत, पाड्यांत पडून आहे.

आमच्या तरुणांना आम्ही सुचवतो. जळगावच्या विद्यापीठात आणि दोन्ही जिल्ह्यांच्या महाविद्यालयांत समाजशास्त्र, इतिहास, मराठी शिकणारी आपली मुलेमुली शेकड्यांनी आहेत. आज प्रत्येकाच्या खिशात आवाज आणि चित्र टिपणारा फोन आहे. त्यांनी आपल्या तालुक्यातले वाद्य करणारे शोधावेत. कातडे कोठून येते, काय भावाने येते, कसे कमावले जाते. वाद्याच्या प्रत्येक भागाला अहिराणीत, पावरीत, भिलोरीत काय म्हणतात. माप काय, वेळ किती लागतो, विकले तर काय मिळते. कोणाकडून शिकले, मुलाला शिकवायचे आहे की नाही, नसेल तर का. घरातल्या बायांचा त्यात हात किती. पूर्वी कोणाच्या दारात वाजवावे लागे, कधी नाही म्हटले होते का, म्हटले तेव्हा काय झाले. हे सारे विचारावे आणि लिहावे. विचारण्याआधी परवानगी घ्यावी. जे लिहिले ते त्यांना वाचून दाखवावे. नाव द्यायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे. त्यांचा दिवस मोडला तर त्याची मजुरी द्यावी. वस्तीत जाऊन फोटो काढायचे आणि शहरात जाऊन पदवी मिळवायची, हा धंदा आपल्याला करायचा नाही.

दुसरी गोष्ट मागण्यांची. कलावंतांच्या मानधनात वाजवणाऱ्याइतकाच करणाराही कलावंत धरावा. अण्णाभाऊ साठे महामंडळ आणि चर्मोद्योग महामंडळ यांनी वाद्य करणाऱ्यांना कर्ज, कातडे आणि बाजार मिळवून द्यावा. विश्वकर्मासारख्या योजनेत हा व्यवसाय घालावा. शाळा-महाविद्यालयांनी आणि सांस्कृतिक केंद्रांनी वाद्ये दुकानातून न घेता कारागिराकडून योग्य भावाने घ्यावीत. आणि जयंती मंडळांना आमची विनंती आहे की, डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो त्यातला काही भाग काढून जलसा उभा करावा. शाहिराला, ढोलकीवाल्याला, हलगीवाल्याला मानाने बोलवावे, मंचावर बसवावे, सर्वांबरोबर पंगतीला घ्यावे आणि पुरते मानधन द्यावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संस्कृती जपा, परंपरा जपा असे सांगत काही लोक येतील. त्यांना डफड्याचा आवाज गोड लागतो, पण वाजवणाऱ्याच्या मुलाने डॉक्टर व्हावे असे वाटत नाही. त्यांच्यापासून सावध राहा. कोणत्याही मुलाच्या हातात केवळ बापाच्या हातात होते म्हणून टिपरू जाता कामा नये. मातंगाच्या मुलीला संगणक शिकायचा असेल तर तिने संगणकच शिकावा, आणि ब्राह्मणाच्या मुलाला डफडे मढवायला शिकायचे असेल तर त्याने कातडे भिजवण्यापासून, केस खरवडण्यापासून सुरुवात करावी. कसब जातीतून मोकळे झाले की ते विद्या होते. तोवर ते ओझेच राहते.

नकार देण्याचा हक्क बाबासाहेबांनी आपल्याला मिळवून दिला. तो हक्क हातात ठेवूनच आपल्या वाडवडिलांच्या हातांनी काय घडवले होते याचा हिशेब आपण मागितला पाहिजे, आणि तो आपणच लिहिला पाहिजे. येत्या ३१ जुलैला लळिंगला जे जमतील त्यांनी एवढे करावे. गाणे ऐकावे, टाळी वाजवावी आणि कार्यक्रम संपल्यावर ढोलकीवाल्याजवळ जाऊन विचारावे, दादा, ही ढोलकी मढवली कोणी? तो जे गाव सांगेल तिथे दुसऱ्या दिवशी वही घेऊन जावे.